सव्विसावं पाऊल

"पुन्हा एकदा. आणि या वेळी सरळ," सुनीती मॅडम म्हणाल्या.

अभय वाघमारेने काजूच्या पाठीवरच्या पट्ट्याची मूठ नीट धरली. "काजू, चल. सरळ."

काजू निघाली. लिफ्टपासून पंचवीस पावलं नाकासमोर चालली, सव्विसाव्याला उजवीकडे सरकली, जरा तशीच गेली, मग परत डावीकडे येऊन टेलिफोन बोर्डाच्या खोलीच्या दारात बसली. एकूण सेहेचाळीस पावलं. आधीच्या दोन वेळांसारखीच.

"रिकाम्या जागेला वळसा. तिसऱ्यांदा," मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

अभय या सरकारी कार्यालयात नऊ वर्षं टेलिफोन ऑपरेटर होता आणि जन्मापासून आंधळा. येरवड्याहून फाटकापर्यंत रोज बहीण दीक्षा आणायची, फाटकापासून वर उत्तरेश्वर शिपाई. येत्या सोमवारपासून दीक्षाला मांजरी गावात नोकरी लागली होती, सकाळी सातची. म्हणून काजू, वाट दाखवणारी कुत्री. ती शिकूनसवरून आठ महिन्यांपूर्वीच आली होती, पण तिची फाईल हिंडत राहिली. प्राणी कोणत्या संवर्गात धरायचा? त्याच्या चारित्र्याची हमी कोण देणार? शेवटी आज चाचणी लागली, घेणाऱ्या अधिकारी सुनीती मॅडम. नापास झाली तर काजू फाटकाबाहेर आणि दीक्षा घरात.

"मॅडम, कॉरिडॉर इथे वळतोच," अभय म्हणाला.

"कॉरिडॉर सरळ आहे, वाघमारे."

"नाही हो. नऊ वर्षं चालतोय मी. सव्विसाव्या पावलाला वळतो."

"इमारत तुमच्या चालीवर बांधलेली नाही. मी उभी आहे इथे, डोळ्यांनी बघतेय. या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी ठेवावी असा सरळ आहे."

नऊ वर्षं तो ज्या वळणाने कामावर जात होता, ते वळण या इमारतीत नव्हतं.

"उत्तरेश्वरभाऊ, तुम्हीच मला रोज इथे वळवता ना?"

उत्तरेश्वर खाकरला. "वळवत असेन. म्हणजे मी नाही वळवत. पाय वळतात."

"का?"

"इथं रामदास साहेबांचं टेबल होतं. टपाल घ्यायचे ते. तुम्ही लागायच्या आधी."

"मग?"

"गेले ना. अहो, इथंच, खुर्चीत. दुपारी गेले, कळलं ऑफिस सुटताना. मी चहा दोनदा ठेवून गेलो. दुसऱ्यांदा बोललोसुद्धा, साहेब, गार होतोय."

"आणि टेबल?"

"भंगारात. अकरा वर्षं झाली."

"वा!" मॅडम म्हणाल्या. "म्हणजे अकरा वर्षांपूर्वी भंगारात गेलेलं टेबल तीन वर्षांच्या कुत्रीला दिसतं. मी दोन महिन्यांपूर्वी साताऱ्याहून बदलून आले, मला कसं नाही ते आडवं येत? बघा, सरळ चालणं म्हणजे काय ते."

त्यांच्या सँडल वाजू लागल्या. टक, टक, टक. अभय मान खाली घालून ऐकत होता. मध्यावर आवाज उजवीकडे गेला, तसाच थोडा पुढे सरकला आणि परत रेषेत आला.

"मॅडम, आपण वळलात."

"काहीतरीच!"

"उत्तरेश्वरभाऊ?"

"माझं लक्ष नव्हतं," उत्तरेश्वर म्हणाला. बावीस वर्षांची नोकरी त्याच्या तोंडून बोलली.

मॅडम उलट्या दिशेने आल्या. वळल्या. पुन्हा निघाल्या, या खेपेला हळू, एकेक पाऊल मोजून. मध्यावर सँडल थांबल्या. बराच वेळ काहीच वाजलं नाही. काजू दारात बसून शांतपणे श्वास घेत होती. मग एक पाऊल वाजलं, उजवीकडे.

परत आल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला होता. "वाघमारे, ही वळते ती नेमकी कधी?"

"वाटेत काही असेल तरच. मी सरळ म्हटलं तरी मग ती ऐकत नाही. तेच शिकवलेलं असतं तिला."

कागदावर पेन चाललं. मॅडमनी वाचून दाखवलं, "मार्गात एक अडथळा आहे. प्राण्याने तो तिन्ही वेळा योग्य रीतीने टाळला. प्रवेश देण्यास हरकत नाही." मग म्हणाल्या, "खाली अडथळ्याच्या वर्णनाचा रकाना आहे."

"काय लिहिताय?"

"मी सरकारी नोकर आहे, वाघमारे. कोराच सोडते."

अभयने बोर्डावर बसल्या बसल्या पहिला फोन दीक्षाला लावला. "सोमवारी जा तू."

"दादा! पास झाली?"

"काजू झाली. मॅडम नापास."

सहा वाजून गेल्यावर मजला ओस पडला. अभय दार ओढून निघाला. उत्तरेश्वरची वाट बघायची नव्हती, हे नऊ वर्षांत पहिल्यांदा. कॉरिडॉरच्या मध्यावर काजू वळली नाही. थांबली. तिची शेपटी हलू लागली, ओळखीचं माणूस भेटल्यावर हलते तशी. आणि दर हेलकाव्याला ती लाकडावर आपटत होती. ठक. ठक. ठक.

अभयने सगळं जग हात लावून ओळखलं होतं. त्याचा उजवा हात आपसूक पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला. कुणाच्या टेबलावर न विचारता चाचपडणं बरं दिसत नाही. त्याने हात मागे घेतला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"येतो, साहेब," तो म्हणाला.

वडीलधाऱ्याने मान हलवायला जेवढा वेळ द्यावा, तेवढा वेळ तो उभा राहिला. मग काजू वळली आणि तोही वळला.