मनगटाची पत

गल्लीत त्यांना सगळे 'बरोब्बर' म्हणत. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला याहून वाईट नावं पडू शकली असती, म्हणून त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. कुणी वेळ विचारली की ते आधी घड्याळाकडे पाहत, मग विचारणाऱ्याकडे पाहत आणि सांगत, नऊ वाजून सतरा मिनिटं, बरोब्बर. लोकांना वेळेशी काही देणंघेणं नसतं, ते हा शेवटचा शब्द ऐकायला येतात, हे बायकोने त्यांना लग्नानंतर तिसाव्या वर्षी सांगितलं. तोवर सवय जायला फार उशीर झाला होता.

मागच्या वर्षी एका सकाळी दाढी करता करता त्यांचा उजवा हात थांबला. झटका होता. औषधपाण्याने पाय निम्मा परत मिळाला, जीभ पाऊण मिळाली, हात मात्र गेला तो गेलाच. ज्या हाताने केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरली, तो आता मांडीवर पाहुण्यासारखा पडून असे. पाहुणा निदान चहा तरी मागतो.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. रोज, न चुकता. घर ते कोपऱ्यावरची बेकरी हे अंतर चारशे दहा पावलं भरलं, म्हणून बरोब्बर रोज सकाळी साडेआठला पाव आणायला जाऊ लागले. डाव्या हातात काठी, खांद्याला पिशवी. अडचण एकच होती. काठी सोडली की तोल जाई, आणि काठी न सोडता खिशात हात घालायचा तर माणसाला तिसरा हात लागतो. तो बेकरीवाल्याने पुरवला. तो काउंटरमागून पुढे येई, बरोब्बरांच्या सदऱ्याच्या खिशात दोन बोटं घाली, नोट काढी, पाव पिशवीत ठेवी, सुटे परत खिशात टाकी आणि वरून खिसा दोनदा थोपटी. आयुष्यात बरोब्बरांचा खिसा कधी मारला गेला नव्हता. आता तो रोज, रांगेदेखत, राजीखुशीने मारला जात होता.

सगळी पंचाईत अशी की बेकरीवाला भला माणूस होता. लबाड असता तर भांडता तरी आलं असतं.

एका सकाळी नोटेबरोबर खिशातून रुमाल आला. ओठाचा उजवा कोपरा ओला होतो म्हणून बायको तो घडी करून ठेवत असे. बेकरीवाल्याने रुमालाकडे पाहिलं, ओठाकडे पाहिलं, आणि पाव देण्याआधी तो कोपरा हलकेच टिपला. मग रुमालाची घडी घालता घालता तो मागच्या रांगेला म्हणाला, "आमचे वडीलही शेवटी शेवटी असेच होते."

दुसऱ्या दिवसापासून बरोब्बरांचा पाय दुखायला लागला.

कुठे दुखतो हे त्यांना सांगता येईना. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही आणि पाव आणायला स्वतः जाऊ लागली. असे तीन आठवडे गेले. मग डॉक्टरांनी पाय तपासला. टाच उचलून सोडली, तर ती ओल्या फडक्यासारखी खाली पडली. वापरला नाही तर पाय माणसाला विसरतो, असं ते म्हणाले. महिन्याने पुन्हा बघू, तोवर चालत नसलात तर चाकाच्या खुर्चीसाठी चिठ्ठी लिहून देतो. हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की खुर्ची म्हणजे बक्षीस आहे असंच वाटावं.

घरी बायकोने उपाय काढायला सुरुवात केली. गळ्यात अडकवायची छोटी थैली शिवली. बरोब्बर म्हणाले, गाईच्या गळ्यात घंटा असते, पण तिच्यात कुणी हात घालत नाही. महिन्याचे पैसे बेकरीत आगाऊ भरू, असं ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले, म्हणजे मी नुसतं जाऊन उभं राहायचं आणि त्याने पिशवीत पाव टाकायचा. यालाच भीक म्हणतात, फक्त आपण ती आधी विकत घेतलेली. फोनवरून पैसे देता येत होते, पण फोन हातात धरावा लागतो, आणि गाडी पुन्हा त्याच काठीपाशी येऊन थांबत होती.

"मग तुमच्यासाठी देवाने काय करावं, ते तरी सांगा," बायको म्हणाली.

देवाने काही केलं नाही. लांबच्या गावी नोकरी करणाऱ्या मुलीने केलं. तिने एक स्मार्टवॉच पाठवलं.

बरोब्बरांनी ते भिंग लावून पाहिलं. ज्याला चावी नाही, काटा नाही, उघडायला स्क्रू नाही, त्याला घड्याळ म्हणणं म्हणजे पोपटाच्या चित्राला पेरू घालणं, असं त्यांचं या वस्तूंबद्दल जुनं मत होतं. ते त्यांनी गिळलं. कारण मुलीने फोनवर एक वाक्य सांगितलं होतं. "बाबा, नुसतं मनगट मशीनजवळ न्यायचं. काठी हातातच राहू दे."

हे घड्याळ कार्डाशी जोडायचं काम मुलगी रविवारी फोनवरून सांगणार होती. तोवर चार दिवस होते. बरोब्बरांनी सरावाला सुरुवात केली. स्वयंपाकघरातला ओटा हा काउंटर झाला आणि साखरेचा डबा हे मशीन. कंबर ओट्याला टेकायची, तोल सावरायचा, मग काठीसकट डावा हात उचलून मनगट डब्याला लावायचं. पहिल्या दिवशी डबा पडला. दुसऱ्या दिवशी चहाची गाळणी शहीद झाली.

"अहो, बेकरीवाल्याला वाटेल तुम्ही काठी उगारलीत," बायको म्हणाली.

"वाटू दे," बरोब्बर म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात धार होती.

शनिवारपर्यंत वीसपैकी एकोणीस वेळा मनगट डब्याला बरोब्बर लागलं. त्या रात्री ते घड्याळ घालूनच झोपले.

रविवारी मुलीने सांगितलं तसं बायकोने फोनवर एकेक आकडा दाबून कार्डाचा नंबर घातला. एक वर्तुळ गोल गोल फिरलं. मग पाटी आली: आपल्या बँकेकडून या उपकरणासाठी ही सुविधा सध्या उपलब्ध नाही. बायकोने ती मोठ्याने वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. अक्षरं तीच होती.

ही सुविधा देणाऱ्या बँकांची यादी मुलीने शोधून काढली. यादीत दोन बँका होत्या. पहिलीची सगळ्यात जवळची शाखा आगगाडीने पाच तासांवर होती, आणि खातं उघडायला जातीने हजर राहावं लागत होतं. दुसरी गावातच होती, पण ती घड्याळाला फक्त क्रेडिट कार्ड जोडून देई आणि पासष्टीपुढच्या माणसाला क्रेडिट कार्ड देत नसे. बरोब्बर त्र्याहत्तर वर्षांचे होते. या वयाचा माणूस कधी थांबेल सांगता येत नाही, हे बँकेने ओळखलं होतं. थांबलेली घड्याळं उधारीवर कुणी घेत नाही, हे बरोब्बरांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांना रागसुद्धा धड येईना.

सोमवारी ते गाडी करून आपल्या बँकेत गेले. बायको सोबत होती. बँकेत शिरताच त्यांची नजर सवयीने भिंतीवर गेली. तिथल्या लंबकाच्या घड्याळाला अठ्ठावीस वर्षं दर सोमवारी त्यांनीच चावी दिली होती. ते चार वाजून दहा मिनिटांवर उभं होतं. बाहेर अकरा वाजले होते.

काउंटरवरच्या बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, तब्येत विचारली. सुविधा सोडून सगळं दिलं. फोनवरून पैसे देता येतात, कार्डाने येतात, चेक आहे, डिमांड ड्राफ्ट आहे. घड्याळाचं मात्र वरून अजून आलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी वर विचारलं होतं. विषय विचाराधीन आहे.

"म्हणजे पावासाठी डिमांड ड्राफ्ट काढायचा?" बायकोने विचारलं.

बाईंनी गंभीरपणे विचार केला. "काढता येतो. दोन दिवस लागतात."

"पाव शिळा होईल."

"ते आमच्याकडे येत नाही," बाई म्हणाल्या. मग कागदांचा विषय संपला म्हणून त्या माणसासारख्या बोलू लागल्या. "काका, आमच्या घड्याळाचं बघा ना जरा. तुमच्याशिवाय त्याला कुणी हातच लावलेला नाही."

बरोब्बरांची जीभ पाऊण होती. प्रत्येक शब्द उचलून पुढे ठेवावा लागे. त्यांनी एकेक ठेवला. "सध्या... ही सुविधा... उपलब्ध नाही."

बाई हसल्या. मग ते हसत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या स्टॅपलर शोधू लागल्या.

डॉक्टरांच्या तारखेला नऊ दिवस उरले होते.

मंगळवारी बरोब्बर आपल्या जुन्या टेबलाशी बसले. डाव्या हाताने चिमटा धरला. तो दोनदा पडला. बायको दारात उभी होती, पण पुढे झाली नाही. ती या घरात आयुष्य काढलेली बाई होती. अर्ध्या तासाने त्यांनी एक नोट लांबट घडी करून टेबलावर काढून ठेवलेल्या घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवली, टोक तेवढं बाहेर. पावाची किंमत आणि नोट एकच होती, सुटे परत यायचे नव्हते. मनगट पुढे करायचं, समोरच्याने टोक ओढायचं, व्यवहार संपला. खिसा नाही, थोपटणं नाही. बँकेला तीन वर्षं जमलं नव्हतं, ते त्यांनी चिमट्याने करून दाखवलं.

बुधवारी सकाळी ते निघाले. पाय खरोखरच विसरला होता. पाऊल आधी घासे, मग टेके, आणि दोनशे पावलांवर त्यांना खांबाला टेकून उभं राहावं लागलं. पूर्वी हा खांब त्यांच्या लक्षातही आला नव्हता. बेकरीत पोचले तेव्हा पावणेनऊ होऊन गेले होते. पुढे दोन माणसं, मागे एक तरुण मुलगी. पाळी आल्यावर ते काउंटरला कंबर टेकून उभे राहिले, तोल सावरला आणि काठीसकट हात उचलला.

बेकरीवाला दचकून मागे सरला. मग त्याने नोटेचं टोक पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याने काउंटरवरच्या छापील पाटीकडे बोट केलं. एक तारखेपासून रोख रक्कम घेतली जाणार नाही. आजच एक तारीख होती. मालकाच्या जावयाने गल्लाच काढून टाकला होता, नोट ठेवायला जागाच नव्हती.

बरोब्बर पाटी वाचत राहिले. इतक्या दिवसांत त्यांना सगळं सुचलं होतं, हे सुचलं नव्हतं.

"असू द्या हो आजोबा, न्या तसाच," बेकरीवाला म्हणाला आणि पाव घेऊन काउंटरमागून पुढे यायला निघाला. तोच चेहरा, तेच हळुवार हात.

"थांबा," बरोब्बर म्हणाले.

शब्द एकच होता, पण पुरा निघाला. बेकरीवाला थांबला. बरोब्बरांनी मनगट आणखी पुढे नेलं आणि मशीनला टेकवलं. वीसपैकी एकोणीस वेळा लागावं तसंच लागलं. काहीच झालं नाही. मशीन हू की चू करेना. ते तसंच धरून राहिले. काठीचं टोक काउंटरवर टकटक वाजू लागलं.

"बँक कुठली तुमची?" बेकरीवाल्याने विचारलं.

त्यांनी सांगितली.

"त्यांचं चालत नाही," मागची मुलगी म्हणाली. तिच्याही मनगटावर तसलंच घड्याळ होतं. "माझी पण तीच बँक. मी नुसती पावलं मोजायला घालते."

बेकरीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, बरोब्बरांकडे पाहिलं. पाव परत फळीवर ठेवला. मागे आणखी चारजण येऊन उभे होते. सकाळची वेळ, भट्टीवरून हाका, आणि हे दोघे बिनकामाची घड्याळं घेऊन. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मग दुसरं काही आहे का?" त्याने विचारलं. "नसेल तर बाजूला व्हा जरा. खोळंबा होतोय."

बरोब्बर बाजूला झाले. त्या मुलीने फोन काढून आपले पैसे दिले. त्यांचेही देऊ का, असं तिच्या ओठांवर आलेलं दिसलं, पण ते तिच्याकडे पाहतच नव्हते. ते बेकरीवाल्याच्या कपाळाकडे पाहत होते. ती आठी गेलं वर्षभर त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

परतीच्या वाटेवर ते तीनदा थांबले. एकदा खांबाशी, दोनदा नुसतेच. शेवटची पन्नास पावलं पाय ओढत नेला. दारात बायको उभीच होती. तिने आधी चेहरा पाहिला, मग पाय, मग रिकामी पिशवी.

"पाव?"

"नाही दिला."

बायकोचे डोळे बारीक झाले. ती पदर खोचून चप्पल शोधू लागली. त्या माणसाला आज ती सोडणार नव्हती. बरोब्बरांनी काठीने चप्पल दाबून धरली.

"काही बोलू नकोस त्याला," ते म्हणाले. "बरोब्बर वागला."

तिने खोचलेला पदर सोडला. तेवढ्यात त्यांच्या मनगटावर काहीतरी थरथरलं. आजच्या पावलांबद्दल घड्याळ त्यांचं अभिनंदन करत होतं. ते खुर्चीत बसले. पाय सुजला होता आणि तारखेला सात दिवस होते. बायको समोर बसली. नोट घामाने भिजून पट्ट्याला चिकटली होती. तिने ती काढायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"काढू?" तिने विचारलं.

"राहू दे," बरोब्बर म्हणाले. "उद्या पुन्हा जायचंय."