ट्रॅक्टरचं ऑइल

…गाडीच्या आरशाला लटकवलेलं लिंबू वाळून पार काळं पडलेलं, सुपारीएवढं, आणि त्याखालच्या मिरच्यांची नुसती देठं उरलेली. आणि त्याच आरशाला, त्याच्या शेजारीच, लाकडी क्रूस. गाडीला धक्का बसला की दोन्ही एकमेकांवर आपटत होती. याकोब सर पुढच्या सीटवर बसून ती टकटक ऐकत होते आणि मनात म्हणत होते — हे आमचे जावई! जुनी डिझेल गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाचं लिंबू काढून टाकायचं सुचलं नाही, आणि काढायचं नव्हतं तर निदान क्रूस तरी दुसरीकडे लटकवायचा... पण नाही. दोन्हीकडून बंदोबस्त. जोशुआचं सगळंच असं, धड ना इकडचं, धड ना तिकडचं.

सोनईतून निघाले तेव्हा उसाच्या शेतांवर धुकं होतं. सर कानाला मफलर गुंडाळून बसले होते आणि तरी नाकाचा शेंडा गारठला होता. मागच्या सीटवर त्यांची मुलगी प्रार्थना मांडीवर फाइल धरून काहीतरी पुटपुटत होती. दहा वाजता नगरला तिची मुलाखत. नर्सिंग कॉलेजात शिकवायची कायमची नोकरी, वर राहायला क्वार्टर. हे क्वार्टर सरांनी मनात केव्हाच लावून टाकलं होतं — पुस्तकांचं कपाट कुठे, टेबल कुठे... आणि त्यात जोशुआचा रोटाव्हेटर, डिझेलचे ड्रम, दारात उभा ट्रॅक्टर यांतलं काहीही नव्हतं. खरं सांगायचं तर जोशुआही नव्हता.

निघण्याआधी रोजचा सोहळा झालाच होता. चावी फिरवली, इंजिन खोकत खोकत लागलं, आणि लागल्या लागल्या पठ्ठ्यानं ॲक्सिलरेटर दाबून धरला — घूं... घूं... थंडीत गाडी तापवायची ही त्याची तऱ्हा. आणि त्या घूंच्याही वर ती शिट्टी. नाताळात ऐकू येईल न येईल अशी होती. आता गल्लीच्या टोकापर्यंत पोचत होती.

"टर्बोचा आवाज हाय सर," जोशुआ हसून म्हणाला होता. "ताकद लई हाय गाडीत."

ताकद! सर खिडकीबाहेर बघत राहिले. थंडीत तेल दाटतं, एवढी साधी गोष्ट. वर्गात मी मधाची बाटली आणि पाण्याची बाटली तिरकी धरून दाखवायचो — बघा, याला म्हणतात स्निग्धता — आणि शेवटच्या बाकावर हाच बसलेला असायचा, मधात बोट घालायला मिळतंय का एवढंच बघत. टर्बोच्या आत बोटाएवढी दांडी असते, मिनिटाला लाखभर फेरे घेते, आणि तिला आधार फक्त तेलाच्या पातळशा थराचा. सकाळच्या गारठ्यात ते तेल वर पोचायच्या आतच रेस केली की दांडी कोरडी फिरते, झिजते, एक दिवस तुटते. पण हे कुणाला सांगायचं? गाढवाला गुळाची चव काय!

आणि तेलही कसलं... ट्रॅक्टरचं.

नाताळाच्या आधीची दुपार. अंगणात ऊन होतं, सर खुर्चीत पेपर घेऊन बसलेले, आणि जोशुआ गाडीखालून बाहेर आला, कोपरापर्यंत काळा, हातात कॅन. "सर, ट्रॅक्टरचंच घालतो. घरचं हाय, उगं शोरूमला कशाला? डिझेल ते डिझेल. चालंल ना?" आणि तो थांबला. चांगला थांबला, कॅनचं झाकण हातात धरून. सरांनी कॅनवरचा नंबर वाचला. या गाडीला लागतं त्याच्यापेक्षा कितीतरी दाट. जिभेवर आलं होतं. एरवी ते आवरलं नसतंच — पाळकांच्या उपदेशातली चूक सर चर्चच्या दारातच, हस्तांदोलन करता करता, सांगून टाकत. पण त्या दुपारी... त्या दुपारी सरांनी पेपरचं पान उलटलं.

का उलटलं? कारण सांगितलं असतं तर चूक झालीच नसती. आणि झाली नसती तर दिसली कशी असती? जावई अडाणी आहे हे सरांना लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. प्रार्थनाला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, त्याला सगळं जमतं. पंप दुरुस्त करतो, वायरिंग करतो, तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणात... असो. एखाद्या सकाळी गाडी अंगणातच बंद पडावी, त्यानं बोनेटमध्ये डोकं घालून घाम गाळावा, आणि तिनं पायरीवरून ते बघावं — एवढीच सरांची माफक इच्छा होती. रोज सकाळी ती शिट्टी वाढत गेली आणि रोज सकाळी सर चहा पिता पिता ती ऐकत गेले. त्यांना त्यात गोडी वाटत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

घोडेगाव गेलं, पांढरी पूल गेला. इमामपूरचा घाट लागला आणि गाडी धापा टाकू लागली. जोशुआनं गिअर उतरवला, पाय दाबला; शिट्टी चढत चढत किंचाळीसारखी झाली. मागून कांद्याच्या गोण्यांनी लादलेला एक पिकअप आला आणि हॉर्न वाजवत त्यांच्या पुढे निघून गेला. सरांना हसू आलं. मग पुढून, कुठूनतरी आतून, खट्ट झालं. शिट्टी थांबली. आरशात मागचा रस्ता दिसेना, नुसता निळा-पांढरा धूर.

पहिली भावना — खोटं कशाला बोला — आनंदाची होती. गणिताचं उत्तर बरोबर आल्यावर होतो तसा, स्वच्छ.

"पपा, किती वाजले?" मागून प्रार्थनाचा आवाज आला, बारीक, लहानपणी परीक्षेच्या सकाळी यायचा तसा. आणि सरांना एकदम दहाची मुलाखत आठवली. आज. आजच का? अंगणात व्हायचं होतं हे, आज नाही, इथे नाही...

जोशुआनं गाडी कडेला घेतली, चाकामागे दगड लावले आणि बन्सी फिटरला फोन लावला. स्पीकरवर बन्सी आधी शिव्या घालून मग म्हणाला, "ट्रॅक्टरचं घातलंय, वर थंडीत रेस करतोय? टर्बो गेला बाबा. चालू करू नको आता, न्हाईतर इंजिन बी जाईल."

"कुणाला विचारून घातलंत ते ऑइल?" प्रार्थना दरवाजा आपटून बाहेर आली. ती रडायच्या बेतात होती. "अहो, कुणाला विचारलंत?"

"सरांना." जोशुआ अगदी सहज म्हणाला. "सर हुते की समोर. चुकीचं असतं तर सर गप बसले असते व्हय? सर चूक सोडत न्हाईत."

त्यात तक्रार नव्हती. अभिमानच होता.

प्रार्थनानं वडिलांकडे पाहिलं. पोरगी हुशार, पहिल्यापासून हुशार. तिला एका क्षणात कळलं. तिची डावी भुवई किंचित वर गेली, ओठ मिटले, आणि ती त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. ही नजर सरांनी कधी पाहिली नव्हती. वापरली मात्र आयुष्यभर होती.

जोशुआ रस्त्याच्या मध्यात उभा राहून हात करत होता. दोन गाड्या गेल्या, तिसरा दुधाचा टेम्पो थांबला. त्यानं तिला ड्रायव्हरशेजारी चढवलं, फाइल वर दिली, स्वतःच्या मफलरनं सीट पुसली. "पोचले की फोन करते," ती त्याला म्हणाली. सरांना काही म्हणाली नाही. टेम्पो घाटाच्या वळणावर दिसेनासा झाला. पोचेल... पोचेलही. दहाला अजून अवकाश होता, पण फार नव्हता.

सर कठड्यावर बसले. समोर जोशुआ — डोक्यावर माकडटोपी, स्वेटरचं बटण चुकीच्या काजात — आणि सरांनी सवयीनं त्याच्याकडे पाहिलं, मनात काहीतरी बोचरं यायची वाट बघत. काही आलं नाही. नुसता दगडाचा गारवा अंगात शिरत राहिला.

"जोशुआ," ते म्हणाले. "ते ऑइल..."

"सर, तुमी नका मनाला लावून घेऊ." जोशुआ त्यांच्या शेजारी टेकला, हातांवर फुंकर घालत. "तुमाला बी ठावं नसंल. गाड्यांचं काय पुस्तकात असतंय व्हय? मानूस हाय, चुकतंय कधी. मी नव्हतो का नापास हुत तुमच्या इषयात?" आणि हसला, मनापासून.

चूक होती. ढळढळीत, समोर, पोरानं वहीत मोठ्या अक्षरात लिहून आणावी अशी. मला ठाऊक होतं, म्हणायचं. बस्स, तीन शब्द. सरांनी तोंड उघडलं. खाली घाटातून एक ट्रक कण्हत वर येत होता, तो जाईपर्यंत थांबावं असं त्यांना वाटलं, आणि तो गेल्यावरही ते थांबलेच.

"खरं आहे," शेवटी ते म्हणाले. "मला नव्हतं माहीत."

जोशुआनं मान डोलावली, जणू ते त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं. सरांना त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. लाज वाटली, आणि तिच्या मागोमाग भीती — या माणसानं आपल्याला माफ केलंय, आणि आता प्रत्येक जेवणाला, प्रत्येक नाताळाला, त्याच्या त्या हसऱ्या तोंडासमोर बसावं लागणार.