दोन बहिणींमधला वजनकाटा

मित्रांनो, माझ्या तबकडीवर सगळ्यात वर मोठे शून्य आहे, म्हणून मला कोणी हलके समजू नये. मी एक जुना वजनकाटा आहे. अंग फिक्या हिरव्या रंगाचे, डोक्यावर पांढरे खोलगट पारडे आणि समोर गोल तबकडी. पारड्यात काही ठेवले की पोटातली स्प्रिंग दबते आणि तबकडीवरचा काळा काटा सरकतो. माझे काम एवढेच. ऐकायला सोपे वाटते. पण दिवसभर लोक आपल्या तोंडाकडे टक लावून बघत असताना सरळ उभे राहणे किती कठीण असते, ते फळ्यासमोर उभे राहून गणित सोडवणाऱ्यालाच कळेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर जाड चष्म्याच्या एक बाई बसत. त्या प्रत्येक काट्यावर लोखंडी वजने ठेवून बघत आणि काटा जरासा जरी चुकला तरी त्याला परत पाठवत. मी पहिल्याच फेरीत पास झालो. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि माझी छाती फुगली. स्प्रिंगच्या मानाने जरा जास्तच फुगली असावी, कारण त्यांनी मला पुन्हा एकदा तपासले.

माझी पहिली नोकरी लोकरीच्या दुकानात होती. तिथले मालक रोज सकाळी दुकान उघडले की आधी मला पुसत आणि मग गल्ल्याला हात लावत. लोकर हलकी असते, त्यामुळे तिथे एकेका ग्रॅमला मान होता. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की मालक नुसते माझ्याकडे बोट दाखवत आणि बोलणे तिथेच संपत असे. ती माझी सुखाची वर्षे होती. पुढे मालक थकले, दुकान विकले गेले आणि मी एका रद्दीवाल्याकडे आलो.

रद्दीवाला गोड बोलायचा. येणाऱ्याला पाणी विचारायचा, पोराबाळांची चौकशी करायचा. पण मी त्याच्याकडे आलो त्याच संध्याकाळी त्याने माझी पाठ उघडली आणि माझ्या जुन्या स्प्रिंगशेजारी आणखी एक छोटी स्प्रिंग बसवली. मित्रांनो, त्यामागची लबाडी समजून घ्या. पारडे रिकामे असले की माझा काटा पूर्वीसारखाच शून्यावर उभा राही. पण पारड्यात किलोभर कागद ठेवले की मी नऊशे ग्रॅमच दाखवत असे. रद्दीवाला माल विकत घेणारा. वजन जितके कमी दिसेल तितके त्याच्या पथ्यावर पडे. लोक महिनोन् महिने जमवलेली वर्तमानपत्रे घेऊन येत आणि मी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांना फसवत असे. मला फार लाज वाटे. पण मला काटा दिला आहे, जीभ दिलेली नाही. पुढे त्याने लाल आकडे दाखवणारा नवा काटा घेतला आणि मला जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन टाकले.

त्या दुकानात मी बराच काळ काढला आणि खरे सांगायचे तर तिथे माझा वेळ मजेत गेला. माझ्या एका बाजूला झाकण हरवलेली किटली होती आणि दुसऱ्या बाजूला एकच पाय असलेला दिवा. तिथे येणाऱ्या लोकांना काय हवे असते ते त्यांनाच माहीत नसते, आणि गंमत त्यातच असते. कोणी नुसते ऊन चुकवायला आत येई आणि बगलेत घड्याळ मारून बाहेर पडे. कोणी एखादी बशी उचलून म्हणे, "अगं, आमच्या घरी अगदी अशीच होती," आणि तिथेच उभ्या उभ्या लहान होऊन जाई. एका गृहस्थांनी सुरेख कपाट घेतले. ते घराच्या दारातून आत जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी डोक्याला हात लावून परत आले. एका बाईंनी एक नंबर लहान बूट घेतले, केवळ ते देखणे होते म्हणून. चालताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता, पण बूट खरेच शोभत होते.

दुकानदार काका लबाड नव्हते, पण धंदा ओळखून होते. प्रत्येक वस्तूची चांगली बाजू ते दाराकडे करून ठेवत आणि टवका उडालेली बाजू भिंतीकडे. कोणी खोदून विचारले तर सांगत, "आहे तसं आहे. घरी नेलं की ते तुमचं." माझ्या पोटात काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी मला कधी उघडून पाहिलेच नाही.

एके दिवशी दुकानात धाकटी आली. तिचे नाव सगळ्यांना माहीत होते, पण घरीदारी तिला धाकटीच म्हणत. तिची थोरली बहीण एका मोठ्या बेकरीत कितीतरी वर्षे कामाला होती. आता दोघींनी मिळून घराच्या पुढच्या खोलीत बिस्किटांचे दुकान काढायचे ठरवले होते. थोरली भाजणार आणि धाकटी विकणार. धाकटी काचेच्या बरण्या शोधायला आली होती. बरण्यांच्या मागे तिला मी दिसलो. तिने रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली, हिरवा रंग वर आला आणि तिचे डोळे चमकले. तिने तळहाताने पारडे दाबले. काटा सरकला. हात काढला, काटा शून्यावर आला. ती खूश झाली. दुकानाचे दार उघडे राहावे म्हणून काकांनी तिथेच एक किलोचे लोखंडी वजन लावून ठेवले होते. ते उचलून एकदा माझ्यावर ठेवले असते तर पुढचे सगळे टळले असते. पण तसे करावे असे तिला सुचले नाही.

घरी थोरलीने मला पाहून नाक मुरडले. तिला सगळे कोऱ्या खोक्यातले लागे. "कुणाचा कोण जाणे, कशाला उचलून आणलास?" असे ती म्हणाली. धाकटीने मला खिडकीपाशी, उजेडात ठेवले. "बघ तरी ताई, किती ऐटीत उभा आहे."

दुकान सुरू झाले आणि पहिल्याच महिन्यात बिस्किटांचे नाव झाले. थोरलीच्या हाताला चव होतीच, पण आणखीही एक कारण होते. इथली पाव किलो बिस्किटे दुसरीकडच्या पाव किलोपेक्षा जास्त दिवस पुरत. घेणाऱ्याच्या फायद्यासाठी बिघडवलेला काटा आता विकणारीच्या हाती आला होता, त्यामुळे प्रत्येक पुड्यात थोडी बिस्किटे फुकट जात होती. गिऱ्हाईक हसत येई आणि हसत जाई.

घरात मात्र हळूहळू हसणे कमी झाले. थोरली रोज सकाळी मोठा डबा भरून पुढे पाठवत असे. बेकरीतल्या अनुभवाने तिला पक्के माहीत होते की इतके ट्रे भाजले की पाच किलो माल होतो. संध्याकाळी डबा रिकामा होई, पण विक्री साडेचार किलोचीच भरे.

"राहिलेली बिस्किटं कुठे जातात गं?" थोरलीने एकदा सहज विचारले.

"कुठे जाणार? आहे तेवढी विकली."

पुन्हा तसेच झाले. मग थोरलीचा आवाज बदलला. "तुझा हात पहिल्यापासून सैल आहे. ओळखीचं कोणी आलं की मूठभर जास्त घालत असशील."

धाकटीला ते लागले. दुसऱ्या दिवशी विक्रीआधीच तिने अख्खा डबा रिकामा करून बिस्किटे माझ्यावर तोलली. मी साडेचार किलो दाखवले. ती डबा घेऊन तडक स्वयंपाकघरात गेली. "माझा हात सैल नाही, ताई. तूच कमी करतेस. काट्यावर बघ हवं तर."

आता थोरलीला लागले. इतक्या वर्षांच्या कामावर कोणी असे बोट ठेवले नव्हते. "पीठ कमी येत असेल," ती कशीबशी म्हणाली. धाकटीने किलोचा बंद पुडा माझ्यावर ठेवला. मी नऊशे ग्रॅम म्हणालो. झाले. धाकटी पदर खोचून पीठवाल्याकडे गेली आणि भर दुकानात त्याला नाही नाही ते बोलून आली. तो बिचारा "अहो ताई, पुडा कारखान्यातून येतो" एवढेच म्हणत राहिला. तिने दुसरा दुकानदार धरला. त्याचाही पुडा नऊशेच. मग तिसरा.

"सगळा बाजारच चोर आहे," धाकटी म्हणाली.

तिला सगळ्या बाजाराचा संशय आला, पण माझा आला नाही. मित्रांनो, जुन्या बाजारातून वस्तू आणण्यातला हाच मोठा धोका आहे. धूळ झटकून, घासाघीस करून आपण स्वतः शोधून आणलेल्या वस्तूवर जीव जडतो. तिच्यात खोट असेल असे मनातही येत नाही, कारण मग आपली नजर चुकली असे होते. मी खिडकीपाशी तोंड वर करून उभा होतो आणि दोघी बहिणी माझाच दाखला देऊन एकमेकींना खोटे पाडत होत्या. माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना करा.

शेवटी दोघींनी बोलणे सोडले. निरोप असला तर थोरली डब्यावर चिठ्ठी ठेवी. एकदा भांडी घासताना पाठमोरी राहून तिने सांगितले, "महिनाअखेर दुकान बंद करू. मी बेकरीत परत जाते. तू तुझं बघ." धाकटी बरे म्हणाली आणि पुढच्या खोलीत येऊन एकटीच रडली. आई गेल्यापासून या दोघींना एकमेकींशिवाय कोणी नव्हते. मला वाटत होते, माझा काटा आत्ताच्या आत्ता तुटून पडावा.

त्याच आठवड्यात दुपारी वरच्या मजल्यावरच्या वहिनी बाळाला कडेवर घेऊन दुकानात आल्या. त्या दवाखान्यातून परत येत होत्या. बाळाला टोचले होते म्हणून ते रडून रडून लाल झाले होते. त्याला रिझवावे म्हणून धाकटीने पारड्यात स्वच्छ पंचा अंथरला. "या इकडे साहेब, तुम्हाला पण तोलू." बाळाला पारड्यात ठेवताच ते हलणाऱ्या काट्याकडे बघत गप्प झाले. दोघी हसल्या. मग वहिनींची नजर काट्यावर गेली आणि त्यांचे हसू मावळले.

"साडेपाचपण नाही? अहो, आत्ता तासाभरापूर्वी दवाखान्यात सहा किलो भरलं होतं."

त्यांनी बाळाला घाईने उचलले, छातीशी धरले आणि त्याचे हातपाय चाचपू लागल्या. "मी परत जाते डॉक्टरांकडे. काहीतरी झालंय याला." 

त्यांचा आवाज ऐकून थोरली पिठाच्या हातांनी बाहेर आली. काय झाले ते तिने ऐकले आणि म्हणाली, "वहिनी, थांबा. परत एकदा ठेवा बघू त्याला." बाळाला पुन्हा ठेवले. मी पुन्हा तेच दाखवले. थोरली कितीतरी वेळ काट्याकडे बघत राहिली. मग ती धाकटीशी बोलली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच बोलली.

"पीठवाला फसवेल. मी कमी भाजेन. तू जास्त देशील. पण हे बाळ कशाला खोटं बोलेल?"

धाकटीने बाळाला उचलून वहिनींच्या हातात दिले. 

"तुमचं बाळ ठणठणीत आहे, वहिनी," थोरली म्हणाली. "आमचा काटाच आजारी आहे."

वहिनी गेल्यावर थोरलीने सुरीच्या टोकाने माझ्या पाठीचे स्क्रू काढले. आत माझी जुनी काळवंडलेली स्प्रिंग होती आणि तिच्याशेजारी ती दुसरी, छोटी, अजून चकचकीत. थोरलीने पकडीने ती ओढून काढली. मित्रांनो, दुखरा दात निघाल्यावर कसे वाटते तसे मला वाटले. तिने काटा शून्यावर आणला आणि पिठाचा पुडा माझ्यावर ठेवला. बरोबर एक किलो. उद्यासाठी भरून ठेवलेल्या डब्यातली बिस्किटे तोलली. पाच किलो.

धाकटी स्टुलावर बसली. "काटा मीच आणला होता," ती म्हणाली.

"काटा तू आणलास. संशय मी घेतला," थोरली म्हणाली. पकड अजून तिच्या हातातच होती. "चुकलं माझं."

दुकान बंद झाले नाही. दुसऱ्या दिवशी धाकटी पीठवाल्याकडे जाऊन माफी मागून आली. त्याने बराच वेळ तिच्याकडे न बघता दुसऱ्यांचे सामान बांधले, मग म्हणाला, "असू द्या. पीठ किती देऊ?" पुडा आता लहान वाटतो म्हणून काही गिऱ्हाइकांनी तोंड वाकडे केले. धाकटीने त्यांना खरे काय ते सांगून टाकले. थोडी तुटली, बाकीची चवीसाठी येत राहिली. जुन्या वस्तूंच्या दुकानाची वाटही तिने सोडली नाही. फक्त आता ती पिशवीत मोजपट्टी आणि साखरेचा किलोचा बंद पुडा घेऊन जाते. काका तिला येताना बघून वस्तूंच्या टवके उडालेल्या बाजू आपणहून पुढे करतात. परवा तर थोरलीसुद्धा तिच्याबरोबर गेली आणि एक जुने लाकडी लाटणे घेऊन आली. वर म्हणते कशी, असं आता नवीन मिळत नाही.

सगळे पूर्वीसारखे झाले, असे मी म्हणालो असतो. पण मी काटा आहे आणि आता खोटे दाखवत नाही. थोरली जवळ उभी असली की धाकटी अजूनही प्रत्येक पुडा दोनदा तोलते. गिऱ्हाइकासाठी एकदा पुरते. दुसऱ्यांदा तोलताना ती चोरून बहिणीकडे बघते. थोरलीच्या हे लक्षात आले आहे. म्हणून डबा ठेवायला ती पुढे आली आणि धाकटी बिस्किटे तोलत असली की थोरली माझ्याकडे पाठ करते आणि दारातून रस्त्याकडे बघत उभी राहते.

म्हणून मित्रांनो, जुनी वस्तू जरूर घ्या. पण आम्हाला उलटेपालटे करा, पाठ उघडा, आमच्यावर वजन ठेवून बघा, हवा तेवढा संशय घ्या. आम्हाला त्याचे काही वाटत नाही. माझी खोट सुरीच्या टोकाने दुपारभरात निघाली. थोरली मात्र अजून रोज दाराकडे तोंड करून उभी राहते.