उरलेल्या कपांची माळ

सप्टेंबरात धरणातून पाणी सोडलं, तेव्हा आमचे हे घोडनदीत उतरले ते शेताला पाणी देणारी मोटार काढायला. मोटार निघाली, हे निघाले नाहीत. होडीवाले दौंडच्या पुलापर्यंत शोधून आले, हाती काही लागलं नाही. तेवढ्यावरून अख्ख्या गावाने माझ्या नवऱ्याला मेलेला ठरवून टाकलं. लहानपणापासून त्या नदीत पोहलेला माणूस! पण गावाला घाई फार.

धाकटे चुलत सासरे, सर्जेराव आप्पा, तर लगेच सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, दर्भाचा पुतळा करू आन् दहावा उरकून घेऊ. कवर वाट बघायची?"

माझ्या सासूबाई सोजराबाई, त्यांना मी आत्या म्हणते, तिथंच उसळल्या. "माझा माऊली काय दर्भाचा हाय व्हय?"

आप्पांनी टोपी चढवली आणि घरची वाट धरली. मला आत्यांचे पाय धरावेसे वाटले. घरात आम्ही दोघीच, आणि दोघींचं म्हणणं एकच, असं मी धरून चालले.

दिवाळी आली. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरात आमच्याकडे पहिल्या वर्षी रोषणाई करत नाहीत, तळण करत नाहीत. भावकीच फराळाचे डबे आणून देते. म्हणूनच मी हट्टाला पेटले. लाइट लावायचेच. आमच्या घरातलं कुणी गेलेलं नाही, हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला दिसलं पाहिजे.

बाजारात गेले असते तर बायांनी नजरेनेच सोलून काढलं असतं. मग माळ्यावरची गणपतीतली माळ काढली. निम्मी बंद. उरलेले दिवे उघडेबोडके, अगदी केविलवाणे दिसत होते. शोधता शोधता फडताळात कागदी कपांचा पुडा सापडला. भेटायला येणाऱ्यांच्या चहासाठी आप्पांनी आणला होता, त्यातला उरलेला. म्हटलं, बरं झालं, यांचे सुतकी कप दिवाळीच्या कामी येऊ देत. काहींना हळदीचं पाणी फासलं, काहींना कुंकवाचं. आत्या दाभण घेऊन शेजारी बसल्या आणि एकेका कपाच्या बुडाला भोक पाडून दिव्यावर चढवायला मला देत राहिल्या. एकदाही मान वर केली नाही. मला वाटलं, मन लावून काम चाललंय.

लक्ष्मीपूजनाच्या तिन्हीसांजेला माळ लावली. ओट्यावर पिवळा-तांबडा उजेड पडला. हे नदीवर गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात राजश्री आली. आप्पांची सून, माझी चुलत जाऊ. पदराखाली डबा. माळ बघून पायरीवरच थबकली.

"काय आणलंस?" मी विचारलं.

"फराळ हाय, ताई. आप्पांनी धाडलाय."

"माघारी ने. आमच्यातलं कुणी गेलेलं न्हाई. लाइट दिसत न्हाईत का तुला?"

राजश्री रडवेली होऊन आत्यांकडे बघू लागली. आत्या उठल्या. आता हिची काही धडगत नाही, म्हणून मी मनातून खूशही झाले. आत्यांनी पदराला हात पुसले आणि डबा घेतला.

"आत्या, नका घेऊ!" मी ओरडलेच.

त्यांनी झाकण काढलं, एक करंजी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. "खा, पोरी. त्यो येत न्हाई आता."

"मग कपांना भोकं कशाला पाडून दिली?"

"तुला आजून थोडं दिस मिळावं म्हून."

आपली अर्धी त्यांनी तोंडात घातली. चावता चावता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, पण घास थुंकला नाही. आईच खातेय म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारी? मीही खाल्ली. माझ्या नवऱ्याला नदीने नेलं असेल. पण मारलं ते आम्ही दोघींनी, त्या ओट्यावर, राजश्रीच्या देखत.