पावणेसहाची मुक्कामी गाडी

बेदाण्याच्या ढिगातली एक काडी मनुबाईनं चिमटीत धरली, बाजूच्या पाटीत टाकली आणि निकाल देऊन टाकला.

"आपटला. ह्यो बी आपटला. गोळी कपाळापतोर येती आन् हिरो नुसती मान तिरकी करतोय. शंभर माणसं लोळवली, पर सदऱ्याची इस्त्री मोडली न्हाई. असला सदरा कुठं मिळतोय तेवढं तरी सांगा म्हणावं!"

ओळीनं निवडायला बसलेल्या बायका खो खो हसल्या. तासगावच्या पूर्वेकडच्या त्या बेदाणा शेडमध्ये पिक्चरच्या बाबतीत मनुबाईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. सगळ्या देशात गाजलेला पिक्चर असो, त्याला पास-नापास करणार मनुबाई. तिचे ठोकताळेही ठरलेले होते. पडद्यावर यायच्या आधी दहा माणसं हिरोचं नाव घेऊन घाबरली, की गोष्ट लंगडी समजायची. हिरोइन पहिल्या गाण्यानंतर गायब झाली, की निम्मे मार्क कापायचे. आणि आई खोकायला लागली, की ओळखायचं, हिचं पुढं काय करायचं ते पिक्चर काढणाऱ्याला सुचलेलं नाही.

दर गुरुवारी शेडला सुट्टी. त्या दिवशी मनुबाई एकटीच सांगलीला जाऊन तीनचा खेळ बघायची. एरवी तिच्या हातात घड्याळ कधी दिसायचं नाही, त्या दिवशी मात्र नवऱ्याचं जुनं घड्याळ मनगटावर असायचं. शुक्रवारपासून ती काड्या वेचता वेचता पिक्चर सांगायला घ्यायची, तो सोमवारपर्यंत पुरायचा. सोमवारी शेवट असायचा. त्या दिवशी बायकांचे हात थांबायचे आणि मुकादमसुद्धा दारात उभा राहून ऐकायचा, रागवायचं विसरून.

यात एक गोम होती. मनुबाईनं आजवर एकाही पिक्चरचा शेवट पाहिलेला नव्हता.

तीनचा खेळ सुटायला सहा वाजून जायचे, आणि तिच्या गावाची मुक्कामी गाडी सांगलीहून पावणेसहाला सुटायची. ती चुकली की दुसरी नाही. म्हणून बरोबर सव्वापाचला, पडद्यावर कुणाचा जीव टांगणीला असो, मनुबाई अंधारात पायानं चपला चाचपायची आणि वाकून बाहेर पडायची. गाडीचा कंडक्टर धुळा हा सुलाबाईचा भाचा. सुलाबाई म्हणजे शेडमध्ये मनुबाईच्या शेजारी बसणारी, तिच्याच वयाची. धुळा पुढची खिडकी मनुबाईसाठी राखून ठेवायचा. त्या खिडकीला डोकं टेकून ती शेवट जुळवायची. कवठे एकंदपर्यंत खलनायकाचा निकाल लागायचा, तासगाव मागं पडलं की ताटातूट झालेली माणसं भेटायची आणि गावात उतरेपर्यंत सगळी जेवायला बसलेली असायची.

हंगामाच्या अखेरीला तिनं ट्रकवाल्याचा पिक्चर सांगितला. त्यातली म्हातारी पोराची वाट बघत ताट झाकून बसते, तो आल्याशिवाय घास घेणार नाही म्हणते. सोमवारी मनुबाईच्या ट्रकवाल्यानं खलनायकाला फणसाच्या झाडाला बांधलं आणि मारायचं सोडून घर गाठलं, कारण भाकरी निवत होती. सगळी शेड रडली. शेडमालकांची सून पल्लवी वजनाची वही घ्यायला आली होती, तिनंही पदर डोळ्यांना लावला. ती साताऱ्याची, हौशी बाई.

"मावशी, हा पिक्चर आपण सगळ्यांनी बघायचाच," ती म्हणाली. "येत्या गुरुवारी. टेंपो सांगते, तिकिटं मी काढते."

मनुबाईच्या हातातला बेदाणा खाली पडला.

"आवं वैनी, एवढा काय चांगला न्हाई त्यो. मधी लय रेंगाळतोय."

"असू दे की! तुम्हीच तर रडवलंत आम्हाला."

दोन दिवस मनुबाईला जेवण गेलं नाही. खोटं पडायची लाज होतीच, पण खरी भीती वेगळी होती. शुक्रवारी आपण गोष्ट सांगायला लागलो, की या बायका आपल्या तोंडाकडं बघतात. उद्या त्या खाली बेदाण्याकडंच बघायला लागल्या तर? नवरा गेल्यापासून तिच्या तोंडाकडं असं दुसरं कोण बघत होतं?

गुरुवारी टेंपोत गाणी झाली, शेंगा झाल्या. मनुबाई मनगटावरचं घड्याळ फिरवत बसली होती. थेटरात तिच्या एका बाजूला सुलाबाई, दुसऱ्या बाजूला शेडमधली सगळ्यांत लहान क्रांती. हिरो आला तेव्हा बायकांनी शिट्ट्या मारल्या. म्हातारीनं ताट झाकलं तेव्हा सगळी रांग हळहळली. मध्यंतर झालं, मारामाऱ्या सुरू झाल्या. मनुबाई पडद्यापेक्षा घड्याळाकडंच जास्त बघत होती.

सव्वापाच वाजले. काय होतंय हे तिला कळायच्या आत तिचे पाय चपला चाचपू लागले. गुडघ्यावर हात टेकून ती अर्धी उठलीसुद्धा.

सुलाबाईनं तिचं मनगट घड्याळासकट धरलं. नजर पडद्यावरची हलवली नाही.

"बस, मने. आज टेंपो हाय."

मनुबाई खाली बसली. तिची कानशिलं तापली. म्हणजे पावणेसहाच्या गाडीचं धुळा घरी बोलला होता. कधी बोलला? यंदा, की पहिल्याच वर्षी? तिनं सुलाबाईकडं पाहिलं. सुलाबाई तोंडात शेंगदाणे टाकत मारामारी बघत होती, आणि मनगट काही सोडत नव्हती.

जन्मात पहिल्यांदा मनुबाईनं शेवट पाहिला. ट्रकवाल्यानं बंगला उडवला. जाळाकडं पाठ करून तो सावकाश चालत आला. इस्त्री जशीच्या तशी. मग पडदा काळा झाला आणि त्यावर मोठी अक्षरं आली, की उरलेली गोष्ट दुसऱ्या भागात. दिवे लागले.

बायका जागच्या हलेनात.

"आन् म्हातारी?" क्रांती म्हणाली. "आवं, तिचं काय झालं? ती तशीच उपाशी?"

आता खरं काय ते सांगावंच, असं मनुबाईनं ठरवलं. पण तिच्या आधी सुलाबाई उठली आणि लुगड्यावरची टरफलं झाडत म्हणाली, "उपाशी कशी? म्हातारी जेवली की. त्या सोमवारी आपल्या म्होरंच जेवली न्हाई का?"

"व्हय, जेवली," मागनं कुणीतरी म्हणालं.

"ह्यास्नी दाखवाय जमलं न्हाई, त्याला आपण काय करायचं!"

आणि सगळी रांग हसत, ह्यांना फणसाचं झाड कसं सुचलं नाही यावर वाद घालत बाहेर पडली. मनुबाई मागं राहिली. डोळे भरून आले होते ते तिनं पदरानं पुसून घेतले.

परतीच्या वाटेवर कवठे एकंद मागं पडलं, तेव्हा पुढच्या सीटवरून पल्लवीनं मान वळवली.

"मावशी, आता पुढच्या वेळी यष्टीनं धडपडत जाऊ नका. मी गाडी पाठवत जाईन. निवांत बघून या."

टेंपोतल्या सगळ्या बायकांनी मनुबाईच्या तोंडाकडं पाहिलं.

मनुबाईनं घड्याळ काढून पिशवीत टाकलं.

"नगं वैनी," ती म्हणाली. "पावणेसहाचीच बरी."