चार हिरवे ठिपके

सासऱ्यांनी बटण दाबलं आणि अख्खं थिएटर लुकलुकायला लागलं.

पडद्यावर नायिकेची आई अखेरच्या घटका मोजत होती. पुढच्या रांगांतून रुमाल बाहेर निघाले होते, कुणीतरी आवंढा गिळल्याचं ऐकू येत होतं, आणि नेमक्या त्याच वेळी उशिरा आलेल्या एका जोडप्याला जागा दाखवायला निघालेल्या म्हाताऱ्या डोअरकीपरच्या हातातली बॅटरी भकभक उघडझाप करू लागली. मरणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर पांढरे पट्टे नाचले.

"ओ काका, नाचायला उठू का आम्ही?" मागून कुणीतरी ओरडलं.

सासऱ्यांनी घाईघाईनं पुन्हा बटण दाबलं. बॅटरीच्या कुशीतला लाल दिवा लागला. पुन्हा दाबलं, तर असा लख्ख झोत पडला की अख्खी सातवी रांग उजळून निघाली. एक आडदांड गृहस्थ बाहीला नाक पुसताना रंगेहाथ सापडले आणि संतापले. चौथ्यांदा दाबल्यावर तीनदा छोटा, तीनदा लांब असा काहीतरी इशारा सुरू झाला. जहाज बुडत असेल तर उपयोगी पडतो म्हणे. पाचव्यांदा एकदाचा अंधार झाला. ते जोडपं बिचारं चाचपडत मिळेल त्या खुर्चीत बसलं.

अकराव्या रांगेत सूनबाई खुर्चीत खाली खाली सरकत गेली. बुधवारी तिच्या चष्म्याच्या दुकानाला अर्धा दिवस सुट्टी असायची. दुकानातल्या मैत्रिणीला घेऊन ती दुपारच्या खेळाला आली होती, आणि घरी मुद्दामच सांगितलं नव्हतं. आपण दिलेली वस्तू सासरे कशी मिरवतात ते गुपचूप बघावं, एवढीच तिची हौस.

"हा बॅटरीवाला कामातून गेलाय," मैत्रीण हसत कुजबुजली.

"सासरे आहेत माझे."

मैत्रिणीचं हसू जागच्या जागी विरलं. तिनं हातातला शेंगदाण्यांचा पुडा मुकाट्यानं सूनबाईकडे सरकवला.

मध्यंतराचे दिवे लागले तशी सूनबाई बाहेर आली आणि खांबाआड थांबली. समोरच मॅनेजर सासऱ्यांना गाठून उभा होता. तो ओरडत नव्हता, हेच जास्त वाईट होतं.

"तीस वर्षांत तुमची एक तक्रार नाही. आणि या महिन्यात ही चौथी."

"हात बसतोय अजून, साहेब."

"कुठून आणलंत हे लचांड? फेकून द्या ना."

"वस्तू चांगली आहे साहेब. तिला कशाला नावं ठेवायची? माझीच बोटं जुनी."

"मग ऐका. आता आणखी एकदा झालं, तर आतलं काम बंद. उद्यापासून फाटकावर तिकिटं फाडायला बसा."

सासऱ्यांनी मान हलवली. मॅनेजर गेल्यावर त्यांनी बॅटरी शर्टाच्या टोकानं पुसली आणि पाठ करत असल्यासारखे ते पुटपुटले, "पहिला पांढरा, दुसरा मंद, तिसरा भकभक..." पण मघाशी तर पहिल्यांदाच भकभक झालं होतं. त्या बॅटरीचं काय डोकं चालायचं ते तिलाच ठाऊक.

फाटकावर बसणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं काय, हे खांबाआड उभ्या सूनबाईला पक्कं माहीत होतं. तिकीट कुणीही फाडेल, ते म्हणायचे, अंधारातून माणूस नेता आला पाहिजे. लग्न होऊन ती घरात आली त्याच आठवड्यात त्यांनी जेवताना तिला आपल्या कामाची गोष्ट सांगितली होती. उजेड पायाला दाखवायचा, तोंडाला कधी नाही. माणूस तिकीट काढून अंधारात रडायला येतो, त्याच्या तोंडावर झोत मारणारा मेला तो डोअरकीपर कसला! आणि दर माणसाला, दर खेळाला, एकच वाक्य, "पायरी आहे, जपून." सासूबाई जाऊन सहा वर्षं झालेल्या त्या घरात दोन पुरुष असले की भिंतीच बोलायच्या. त्या दिवशी सासरे एवढं बोलले म्हणून नवरासुद्धा घास हातात धरून बघत राहिला होता.

आणि त्याच आठवड्यात तिची फजिती झाली होती. "पोरी, बॅटरी दे गं तेवढी," म्हणून सासऱ्यांनी हात पुढे केला आणि तिनं खणातून दोन सेल काढून त्यांच्या हातावर ठेवले. तिच्या माहेरी उजेड पाडते ती टॉर्च, आणि तिच्यात घालतात त्या बॅटऱ्या. नवरा खो खो हसला. शेजारच्या काकू आल्या होत्या, त्याही हसल्या. "आमच्याकडे अख्ख्या वस्तूला बॅटरी म्हणतात, आत जातात ते सेल," नवऱ्यानं शिकवलं. सूनबाई हसली खरी, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. या घरची भाषा आपण घोटून घोटून पाठ करायची, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

म्हणून मग महिनाभरानं सासरे जेव्हा म्हणाले, "सूनबाई, उजेड अगदीच मंद झालाय, येताना जरा बॅटरी बदलून आणशील?" तेव्हा ती गडबडली नाही. बॅटरी म्हणजे अख्खी वस्तू! जुनी, पोचे पडलेली पत्र्याची बॅटरी तिनं दुकानात दिली आणि तिथली सगळ्यात भारी नवी बदलून आणली. पाच प्रकारचे उजेड. पुढचं तोंड ओढलं की झोत बारीक, ढकललं की रुंद. मागच्या टोकाला काच फोडायची हातोडी आणि चक्क एक होकायंत्र. थिएटरात उत्तर दिशा शोधायची वेळ कुणावर येणार होती, देव जाणे! पण तिला सगळ्यात आवडले होते ते दांड्यावरचे चार हिरवे ठिपके. चार्जिंग किती उरलंय ते सांगणारे. वापरली की एकेक ठिपका विझत जायचा.

सासऱ्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाले, "झकास!"

त्या दिवसापासून संध्याकाळी ते घरी आले की ती आधी बॅटरी मागून घ्यायची. ठिपके बघायची. दोन विझलेले दिसले की तिला कोण आनंद व्हायचा. "आज बरीच चालली वाटतं, बाबा?" म्हणत ती बॅटरी चार्जिंगला लावायची. ते म्हणायचे, "झकास चालली."

खांबाआडून ती निघाली ती तडक रस्त्यावर. मैत्रिणीला हातानंच "आलेच" म्हणाली. बॅटरीचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. जुनी बॅटरी भंगारात गेली नसली म्हणजे मिळवली, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दुकानदार स्टुलावर चढून पंखा पुसत होता. धापा टाकत ती म्हणाली, "काका, मी महिन्यापूर्वी एक जुनी बॅटरी देऊन नवी नेली होती. पत्र्याची, बाजूला पोचा होता. ती आहे का हो अजून?"

"ती? ती तर दुसऱ्याच दिवशी गेली."

सूनबाईनं काउंटरची कड धरली. "कुणी नेली?"

"कोण नेणार? तुमचे सासरेच." दुकानदार खाली उतरला. "सकाळी शटर उघडतोय तोवर हजर. म्हणाले, आहे का माझी? मी म्हटलं, आहे, पण अहो तिला तुम्ही सेल बदलून आण असं नीट सांगायचं ना! तर हसायला लागले."

"हसले?"

"डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाले, त्यातच तर गोची झाली. पोरगी नवीन आली तेव्हा बॅटरी आणि सेलावरून सगळे तिला हसले होते. पुन्हा तसं नको म्हणून मी मुद्दाम तिच्या भाषेत सांगितलं, बॅटरी बदलून आण. आणि तिनं तोवर आमची भाषा शिकून ठेवलेली!"

दुकानदाराच्या पोटात काही राहत नसे. तो आपला बोलतच होता.

"मी म्हटलं, मग ही घ्या, कामावर ही वापरा आणि घरी ती दाखवा. एवढं काय त्यात! तर म्हणाले, जमायचं नाही, तिला ठिपके आहेत. ती रोज संध्याकाळी ठिपके बघते. चारच्या चार तसेच दिसले तर तिला कळेल, आणि हौसेनं आणलीय हो तिनं."

"मग जुनी कुठंय?"

"थिएटरातच. डब्याच्या पिशवीत घालून ठेवतात म्हणे. मी सेल घालून देत होतो तर नको म्हणाले. सेल घातले की हात आपोआप तिकडे वळायचा."

रस्त्यावर कुणाचा तरी हॉर्न वाजला. सूनबाईनं भाव न विचारता एवढंच म्हटलं, "दोन सेल द्या, काका. मोठे."

ती परतली तेव्हा मध्यंतर संपून खेळ सुरू झाला होता. डाव्या दाराच्या पडद्याआत, भिंतीला लागून असलेल्या स्टुलापाशी सासरे उभे होते. स्टुलावर डब्याची पिशवी होती. बाहेरच्या उजेडातून कुणी आत आलं एवढंच त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी नवी बॅटरी लगबगीनं छातीशी धरली, तिच्या तोंडावर दुसरा तळहात झाकला आणि अंगठा बटणावर ठेवला. अंगठा दाबेना. पडद्यावर नायिका आईची खोली आवरत होती. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती.

"तिकीट?" ते हळूच म्हणाले.

"बाबा, दाबू नका. मी आहे."

अंधारात ते थोडे मागे सरले. "तू? तू कशी इथे?"

"अकराव्या रांगेत होते. सुरुवातीपासून."

त्यांना जे सुचलं ते बोलले. "तो भकभक प्रकार रोज नाही होत हं. आज जरा..."

सूनबाईनं त्यांचा मोकळा हात चाचपून शोधला आणि मूठ त्यात रिकामी केली. दोन सेल एकमेकांवर खट्कन वाजले.

"सेल आहेत," ती म्हणाली. "तुमच्या बॅटरीचे."

सासऱ्यांनी सेल चिमटीत धरून बघितले. बघितले म्हणजे बोटांनीच. मग म्हणाले, "त्या दुकानदाराला काही सांगायची सोय नाही."

"तुम्ही मला सांगायचं होतं."

"काय सांगणार? चूक तुझी नव्हतीच. मी बॅटरी म्हणालो, तू बॅटरी आणलीस."

"महिनाभर बोलणी खाल्लीत बाबा. ठिपके विझावेत म्हणून!" तिचा आवाज चिरकला. जवळच्या रांगेतून कुणीतरी शुक् केलं.

त्यांनी स्टुलावरची पिशवी उघडली. डबा बाजूला सरकला. बूड फिरवून काढल्याचा किरकिर आवाज आला, एक सेल आत घसरला, मग दुसरा. या कामाला त्यांना उजेड लागत नव्हता. बूड बसलं. अंगठ्यानं खटका पुढे सरकवला आणि जमिनीवर एक पिवळट, गोल, कडांना जरा फाटलेला उजेड पडला. एकच. ना भकभक, ना होकायंत्र.

नवी बॅटरी त्यांनी जपून पिशवीत ठेवली, डब्याशेजारी.

"ही घरी लागेल," ते म्हणाले. "वीज गेली की. आणि लाल दिवा मला खरंच आवडतो. खोटं नाही."

सूनबाईला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर जे थोपवून धरलं होतं तेही फुटलं. तिनं ओढणी तोंडात धरली, पण खांदे हलायचे ते हललेच. ऐकणाऱ्याला कळणार नाही असं रडणं ते नव्हतं. तीस वर्षं रडणाऱ्यांच्या शेजारून चालत आलेल्या माणसाला तर ते कळणारच होतं.

"चल," ते म्हणाले. "पायरी आहे, जपून."

ते एक पाऊल पुढे, ती मागे. पिवळा गोल एकेक पायरी उतरत गेला आणि दर पायरीवर तिच्यासाठी थांबला. मनगट जरासं वळवलं असतं तरी त्यांना तिचा चेहरा दिसला असता. अकरावी रांग येईपर्यंत उजेड तिच्या चपलांवरून हलला नाही.