माझ्या तोंडावरचं लुगडं

मी एक मोटार बोलतेय. महाडात दिलावरच्या अंगणात फणसाखाली उभी असते, ती मीच. या, जवळ या. घाबरू नका, आता मी उकळत नाही. उकळायची हौस माझी एका वैशाखातच फिटली.

जन्म माझा साता समुद्रांपलीकडचा. मुंबईत एका शेठजींनी मला हौसेने मिरवलं आणि नवी मोटार येताच मला काढून टाकलं. दिलावरने मला विकत घेतलं, बोटीत चढवलं आणि दासगावच्या बंदरात उतरवलं. मी रुसले होते. पण त्याने पहिल्याच दिवशी मला घासूनपुसून लख्ख केलं, मग कसलं रुसायचं?

माझा स्वभाव त्याने लवकर ओळखला. मी पळाले की शहाणी असते. समोरचा वारा माझ्या तोंडावरच्या जाळीतून आत शिरतो आणि इंजिनाचं पाणी निवतं. मला उन्हात रांगायला लावलं की मात्र माझं डोकं फिरतं. महाड-पोलादपूर फेऱ्यांत काही अडत नसे. पण लग्नात लोकांना मोटार लागते ती पळायला नव्हे, दाखवायला!

पोलादपूरजवळच्या कापडे गावच्या चांगूचं लग्न पोलादपुरात लागलं आणि वरातीला मला बोलावलं. चांगूची आई बनुबाई भारी हौशी. गावात मोटारीतून येणारी पहिली सून तिची, मग काय विचारता! तिने मला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, माझ्यापुढे नारळ फोडला आणि दृष्ट लागू नये म्हणून स्वतःच्या लग्नातलं हिरवं लुगडं माझ्या जाळीवर गच्च ताणून बांधलं.

दिलावरने ते पाहिलं. आईने आशीर्वादाचं म्हणून बांधलेलं लुगडं, त्याला परक्याने हात कसा लावायचा? "काकी, तेवढं जरा..." एवढंच तो म्हणाला, तोवर खालूबाजा सुरू झाला आणि त्याचं बोलणं वाजपात बुडालं.

पुढे बाजा, मागे नाचणारे आणि त्यांच्यामागे चढावर पहिल्या गिअरमध्ये मी. डोंगर भाजून निघालेले, सावित्रीचं पाणी डोहापुरतं उरलेलं. नाचणारे दोन पावलं पुढे जात आणि एक मागे येत. मला वारा म्हणून कसला तो मिळेना. अखेर एका वळणावर माझ्या झाकणातून वाफेचा लोट उठला आणि मी बंद पडले.

बाजा थांबला. मग चांगूची आत्या बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू.

"म्हाडपासनं धड आली ना मोटार? ही बसली नि बिघडली. पोरीचा पायच पांढरा दिसतोय."

मागच्या सीटवर नवरी बसली होती, शकू. तिची बोटं माझ्या गादीत रुतली. ती रडली, पण आवाज केला नाही. चांगू मान खाली घालून बसला. मला असा संताप आला! वाऱ्यावाचून उकळले मी आणि नाव त्या पोरीचं? ती अजून सासरी पोचलीही नव्हती. हा डाग एकदा लागला असता, तर पुढे म्हैस आटली तरी शकूच्याच पायाने आटली असती. पण मी काय करणार? एक भोंगा होता, तोही दिलावरच्या हातात.

दिलावर बनुबाईसमोर जाऊन उभा राहिला.

"काकी, भाताच्या टोपावर झाकण गच्च दाबलं तर काय होतं?"

"उतू जातो. ह्ये काय इचारनं झालं?"

"हिचं तसंच झालंय. हिला समोरनं वारा लागतो आणि वाऱ्याच्या आड तुमचं लुगडं हाय. मला हात लावायला बरं नाय वाटलं, काकी."

बनुबाई माझ्यासमोर आली. मी अजून फसफसत होते. सगळी वरात तिच्या तोंडाकडे बघत होती. तिने पदर खोचला.

"म्या बांधलं, म्याच सोडते."

गाठी सोडताना तिची बोटं भाजली, पण तिने हात मागे घेतला नाही. मग ती नणंदेकडे वळली. "वन्सं, ऐकलंव? पोरीचा पाय नाय पांढरा. माझं लुगडं आड आलं. पुन्यांदा त्ये नाव काढायचं नाय." आणि तेच लुगडं तिने शकूच्या खांद्यांवर घातलं.

हुश्श! माझ्या जाळीतून वारा शिरला तेव्हा मला जे वाटलं, तेच शकूलाही वाटलं असणार, कारण गादीतली बोटं सैल झाली.

चांगू उडी मारून उतरला आणि डोहावरून कळशी घेऊन धावत आला. "थांब रे!" दिलावर ओरडला. "तापल्यावर गार ओतलंस तर तडा जाईल!" त्याने माझ्या इंजिनावरच्या झाकणाची दोन्ही पाखं उघडली, मला निवू दिलं आणि मग बेताबेताने पाणी पाजलं. पुढे त्याने मला रांगवणं बंदच केलं. बाजा लांब जाईस्तोवर मी सावलीत थांबायची, मग एका दमात पळत जाऊन त्याला गाठायची. दिवेलागणीला कापड्यात पोचलो. बनुबाईने भाकरतुकडा आधी सुनेवरून ओवाळला, मग माझ्यावरून.

त्यानंतर त्या रस्त्याने गेले की शकू कळशी घेऊन दारात हजर. "तापलीस काय गो बाय?" म्हणायची आणि मी निवेपर्यंत कळशी खाली ठेवून थांबायची.

आता माझी चाकं थकली आहेत. फणसाची सावली बरी वाटते. एकच मागणं आहे. वाटेत मोटार बंद पडली, तर आधी तिच्या तोंडावर काय बांधलंय ते बघा. मागे बसलेल्या पोरीकडे माना वळवू नका.